गाणाऱ्या मुलांचे आईबाप

बारावीची परीक्षा आटोपली की छत्रपती संभाजीनगरातील सुशिक्षित घरांतून एक ठराविक चर्चा सुरू होते. अभियांत्रिकी की वैद्यक, येथेच की पुण्यास, वसतिगृहात की नातेवाइकांकडे, ह्या प्रश्नांचा खल करण्यात आईबापांचा उन्हाळा जातो. ह्या प्रश्नांच्या वाटा मळलेल्या आहेत. शिकवणीचे वर्ग आहेत, गुणांचे कोष्टक आहे, शेजारच्या मुलाचा ताजा अनुभव आहे. परंतु एखादी मुलगी जेव्हा जेवणाच्या पानावर शांतपणे सांगते, की मला गाणेच शिकावयाचे आहे आणि तेही महाविद्यालयात जाऊन, पूर्ण वेळ, तेव्हा ते घर क्षणभर स्तब्ध होते. ज्या गाण्याचे आजवर पाहुण्यांसमोर कौतुक झाले, त्याच गाण्याची आता धास्ती वाटू लागते. आईबाप तिला नको म्हणू इच्छीत नाहीत, आणि हो म्हणण्यास नेमके काय करावे लागते हे त्यांना ठाऊक नसते.

फार जुनी गोष्ट नव्हे, ह्या हेतूने मुलांना घर सोडून पळावे लागत असे. गदगचे शाळामास्तर गुरुराज जोशी ह्यांचा अकरा वर्षांचा मुलगा १९३३ साली गुरूच्या शोधात घरातून निघून गेला. गावोगाव भटकत तो जालंधरपर्यंत पोहोचला आणि तेथून वडिलांनी त्याला घरी आणले. पुढे १९३६ च्या सुमारास कुंदगोळ येथे सवाई गंधर्वांकडे त्याची तालीम सुरू झाली. हाच मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. ह्या कथेत मुलाच्या ध्यासाचे वर्णन नेहमी होते. परंतु शोधास निघालेल्या त्या बापाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मुलगा सापडल्यावर त्याला गाण्यापासून तोडण्यात आले नाही. गुरूचे दार त्याला घरी परतल्यानंतरच उघडले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

आजच्या मुलाला पळून जावे लागत नाही, ह्याचे श्रेय दोन विष्णूंना आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर ह्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडले आणि गाण्याला वर्ग, वेळापत्रक व परीक्षा दिली. पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांनी रागांची शास्त्रीय मांडणी केली आणि त्यांच्याच प्रयत्नांतून १९२६ साली लखनौचे संगीत महाविद्यालय उभे राहिले. पलुस्करांच्या निधनानंतर १९३१ सालीच त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही त्या मंडळाच्या परीक्षांची चढण आज मराठी मध्यमवर्गाला पाढ्यांइतकी परिचित आहे.

मराठवाड्यास ही सोय पुष्कळ उशिरा लाभली. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामी राजवटीखाली होता आणि येथील विद्यापीठ १९५८ साली निघाले. अशा भूमीत शास्त्रीय गाण्याचे शिक्षण रुजविण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत पंडित नाथराव नेरळकर ह्यांचे नाव आदराने घेतले जाते. नांदेडच्या अण्णासाहेब गुंजकरांचे हे शिष्य ह्या शहरात आले, सरस्वती भुवन महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि पिढ्या घडविल्या. २०१४ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ साली ते निवर्तले. आज ह्या शहरातील मुलाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात संगीताचे उच्च शिक्षण घेता येते. कथक वा ओडिसी शिकणाऱ्यांसाठी १९९६ पासून महागामी गुरुकुल आहे. शहर सोडण्याची तयारी असल्यास पुणे विद्यापीठाचे १९८७ साली निघालेले ललित कला केंद्र आहे, खैरागडचे १९५६ पासूनचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे, आणि पुढची इयत्ता म्हणून कोलकात्याची संगीत रिसर्च अकादमी आहे, जेथे शिष्य गुरूच्या सान्निध्यात राहून शिकतो.

येथे आईबापांची पहिली गफलत होते. ते मुलाच्या प्रमाणपत्रांची जाड फाईल काखेत मारून निघतात आणि प्रवेश जणू हक्काचाच आहे असे समजतात. दहावीच्या निकालात कलेच्या परीक्षांबद्दल वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर पुष्कळ घरांतून गाण्याची परीक्षा हीसुद्धा गुणांची एक शिडी होऊन बसली आहे. परंतु नेमलेल्या अभ्यासक्रमाची परीक्षा आणि महाविद्यालयाची प्रवेशचाचणी ह्यांत मोठे अंतर आहे. पहिली विचारते, हा काय शिकला. दुसरीला पाहावयाचे असते, की ह्याला अजून काय शिकविता येईल. म्हणून परीक्षक बडा ख्याल मध्येच थांबवितो, एखादी स्वरावली स्वतः गाऊन तीच परत म्हणावयास सांगतो, हातावर टाळी आणि खाली दाखवून झपताल म्हणवून घेतो, किंवा न शिकलेल्या रागाचे चार स्वर ऐकवून आपले मन पाहतो. पाठ केलेल्या ताना ज्याच्या गळ्यात शंभर आहेत, पण सांगितलेली सुधारणा ज्याला जागच्या जागी उचलता येत नाही, असा उमेदवार येथे मागे पडतो. दहा राग उरकण्यापेक्षा दोन राग सावकाश, षड्जापासून उलगडता येणे अधिक मोलाचे ठरते.

ह्या चाचणीत सर्वांत मोठा अडथळा कोणता, ह्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. शहरापासून चारपाच कोसांवर देवगिरीचा किल्ला आहे. तेथे तेराव्या शतकात, यादव राजा सिंघण ह्याच्या आश्रयाने, शार्ङ्गदेव नावाच्या पंडिताने संगीतरत्नाकर हा ग्रंथ रचला. त्यात गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. दात आवळून गाणे, नाकात गाणे, डोळे मिटून गाणे हे दोष त्यांत आहेतच. परंतु त्याच यादीत भीत, शंकित आणि कंपित असे तीन गायकही नावानिशी उभे आहेत. भीत म्हणजे भ्यालेला, शंकित म्हणजे घाईघाईने गाणारा, आणि कंपित म्हणजे ज्याचे अंग व आवाज कापतो तो. बेसूर होणे आणि भिऊन गाणे ह्या दोहोंना त्या थोर शास्त्रकाराने एकाच पंक्तीला बसविले, ह्यावरून भयाची किंमत गाण्याला केवढी द्यावी लागते हे समजून यावे.

आता हे भय येते कोठून? गुरूपासून काही अंशी येते, परीक्षकापासून काही अंशी येते. परंतु त्याचा मोठा साठा घरीच भरलेला असतो. चाचणीच्या आठवड्यात आई दिवसातून चार वेळा विचारते, "झाला का रियाज?" वडील फोनवर कोणा नामांकित गायिकेचा तोच राग लावतात आणि म्हणतात, "अशी तान आली पाहिजे." आत्याला, मामाला, शेजाऱ्यांना तारीख कळविली जाते. चाचणीच्या खोलीबाहेर दाराला कान लावून आईबाप उभे राहतात, आणि मुलगी बाहेर येताच पहिला प्रश्न होतो, "काही चुकले का?" ह्यांतील प्रत्येक कृतीच्या मुळाशी माया आहे, ह्यात संशय नाही. पण मुलीच्या गळ्यात ती शंका होऊन बसते. षड्ज लावतानाही तिच्या मनात आईचा चेहरा असतो.

गाण्याची तयारी करून घेणे हे गुरूचे काम आहे आणि गाणे हे मुलाचे. आईबापांच्या वाट्याला भय कमी करण्याचे काम येते, आणि ते मुळीच लहान नाही. त्याचा पुष्कळसा भाग अगदी व्यावहारिक आहे. कोणती संस्था काय मागते, ध्वनिमुद्रण आधी पाठवावयाचे की प्रत्यक्ष जावयाचे, तबला व पेटीची साथ तेथे मिळते की आपली न्यावी लागते, अर्जाची शेवटची तारीख कोणती, ही चौकशी पालकांनी महिनोन्महिने आधी करून ठेवावी, म्हणजे मुलाच्या डोक्यावरचा तेवढा भार उतरतो. ध्वनिमुद्रण मागितले असेल तर बंद खोलीत, पंखा थांबवून, तंबोरा नीट जुळवून एकसलग गाणे टिपावे. तुकडे जोडून केलेली सफाई पुढे प्रत्यक्ष चाचणीत उघडी पडते. मूळ स्वर काळी चार असो की पांढरी एक, तो गुरूने ठरवावा; ऐन वेळी तो चढवून चमक दाखविण्याचा मोह कोणी धरू नये. मे-जूनमध्ये मराठवाड्याचे ऊन कडक असते. रात्रभर बसमध्ये जागून सकाळी पुण्यास उतरावे आणि तासाभरात गावयास बसावे, ही काटकसर महागात पडते. एक दिवस आधी पोहोचावे, घसा ओला ठेवावा, आणि रात्री लवकर निजावे.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. साधारण बाराव्या-तेराव्या वर्षापासून कंठाची वाढ होऊन आवाज फुटतो आणि तो जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. काल तार षड्जावर लीलया जाणारा मुलगा आज मध्यमावर अडखळतो. ह्या काळात कित्येक पालक गाणे संपले असे समजून वर्ग बंद करतात, किंवा उलट जुनाच स्वर धरून त्याला ओरडावयास लावतात. दोन्ही गोष्टी अनिष्ट आहेत. खालच्या स्वरात, हलक्या आवाजात गाणे चालू ठेवावे. लयीचा, तालाचा व श्रवणाचा अभ्यास वाढवावा. आणि नवा आवाज स्थिरावेपर्यंत धीर धरावा. ही दोनतीन वर्षे ज्या घराने शांतपणे काढली, त्या घरातील मुलगा अठराव्या वर्षी चाचणीस निर्धास्त बसतो.

उपजीविकेचा प्रश्न मात्र टाळून चालणार नाही, आणि मुलांपासून तो लपवूही नये. मैफलीच्या कमाईवर संसार चालविणारे कलावंत थोडेच असतात, हे सत्य आहे. अध्यापन, साथसंगत, नृत्यवर्गांची संगत, ध्वनिमुद्रण, आणि पदव्युत्तर शिक्षणानंतर नेट वा सेट देऊन महाविद्यालयीन प्राध्यापकी, अशा वाटा आहेत. त्या अरुंद आहेत, पण बंद नाहीत. पंडित उल्हास कशाळकरांचे वडील पांढरकवड्याचे वकील. मुलाचे पहिले गुरू तेच. मुलाने नागपूर विद्यापीठात संगीताचे शिक्षण घेतले, काही काळ आकाशवाणीत नोकरी केली, आणि १९९३ पासून कोलकात्याच्या अकादमीत गुरुपद भूषविले. गाणे आणि व्यवहार ह्यांची सांगड एका दिवसात बसली नाही, पण बसली. खुद्द शार्ङ्गदेवही देवगिरीच्या दरबारात हिशेबखात्याची चाकरी करीत होता. त्याचे घराणे काश्मिरातून दक्षिणेत आले होते. ज्या हाताने राज्याच्या जमाखर्चाचे काम केले, त्याच हाताने सात अध्यायांचा तो अद्वितीय ग्रंथ लिहिला.

म्हणून आईबापांनी मुलाशी एक सरळ बोलणे चाचणीच्या आधीच करून टाकावे. घरातून किती वर्षे किती पैसा देता येईल, जोडीला दुसरी कोणती विद्या ठेवावयाची, आणि प्रवेश न मिळाल्यास पुढील वर्षी पुन्हा प्रयत्न करावयाचा की येथेच गुरूजवळ शिकत राहावयाचे, हे तिन्ही प्रश्न तारखेपूर्वी मिटलेले असावेत. निकालानंतर हे बोलणे काढले की ते शिक्षेसारखे वाटते. आधी झाले तर आधारासारखे. जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ अशी ही चाचणी असल्याने नकार हा अनेकांच्या वाट्याला येणारच. परीक्षकांनी पंधरा मिनिटे ऐकून दिलेला निर्णय हा त्या दिवशीच्या पंधरा मिनिटांचा असतो. मुलाच्या साऱ्या जन्माचा नसतो, हे त्याला त्या वेळी दुसरे कोणी सांगणार नाही.

आणि चाचणीच्या खोलीतून मुलगी बाहेर आली म्हणजे काय चुकले हे तिला लगेच विचारू नये. तिला पाणी द्यावे, जेवावयास न्यावे. कोणता राग गायलीस, परीक्षकांनी काय नवे सांगितले, हे ती आपणहून सांगू लागली तर मन लावून ऐकावे. गाणाऱ्याला घरात एक तरी असा श्रोता लागतो, की जो गुण देत नाही.