दाराजवळच्या पाच खुंट्या

(कार्यकर्त्या शिबिरातील भाषण)



सकाळपासून आपण पोटगी, पोलीस स्टेशन आणि कोर्टाच्या तारखा यांवर बोलतो आहोत. आणि आता ही बाई फळी, रंधा नि पॉलिश पेपर घेऊन तुमच्यासमोर उभी राहिली आहे. मागच्या रांगेतल्या मैत्रिणी हसताहेत, ते मला दिसतंय. मी एम.एस.डब्ल्यू. केलं, तिथे सुतारकाम कोणी शिकवलं नाही. ते गेल्या दीड वर्षात शिकले. का शिकले, ते आधी सांगते.

आमच्या केंद्रात एका संध्याकाळी एक बाई आली. लग्नाला नऊ वर्षं झालेली. मुलीला दवाखान्यात घेऊन गेली होती. परत आली तर दाराला नवं कुलूप. फॉर्म भरता भरता मी सहज विचारलं, ‘‘जुन्या कुलपाची किल्ली आहे का तुमच्याकडे?’’ ती म्हणाली, ‘‘ताई, माझ्याकडे किल्ली कधी नव्हतीच. मी घरातच असते, मला कशाला लागते किल्ली?’’

आमच्या फॉर्मवर ‘घर कोणाच्या नावावर?’ हा प्रश्न होता. किल्लीचा नव्हता. तो आम्ही घातला. आणि मग तेच उत्तर पुन:पुन्हा ऐकू यायला लागलं. ‘सासूबाईंकडे असते.’ ‘हे बरोबर नेतात.’ ‘शेजारी ठेवलेली असते, मागून घेते.’

एक दिवस फॉर्म भरताना माझाच हात थांबला. आमच्या घराला दोन किल्ल्या होत्या. एक नवऱ्याकडे, एक सासूबाईंकडे. पगार आणणारी, दुसऱ्यांना हक्क समजावून सांगणारी मी चार वर्षं बेल वाजवून घरात शिरत होते. दार उघडलं की ‘‘आज उशीर झाला?’’ हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण रोज आपल्याच घराच्या दारात हजेरी द्यायची, ती बेल वाजवणारीनंच. किल्ली असणाऱ्याला ती द्यावी लागत नाही.

माझी आजी कमरेला चांदीचा छल्ला लावायची. त्यात कोठीची किल्ली, कपाटाची किल्ली. ‘घर तिच्या हातात आहे,’ असं सगळे कौतुकानं म्हणत. घर आणि शेत मात्र आजोबांच्या नावावर होतं.

कायदा काय म्हणतो, हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी एकदा म्हणून घेऊ. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ प्रमाणे, घर बाईच्या नावावर असो वा नसो, सामाईक घरात राहण्याचा हक्क तिला आहे. कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. कलम १९ खाली मॅजिस्ट्रेट तसा आदेश देऊ शकतात. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की घर सासऱ्याच्या मालकीचं आहे एवढ्या कारणावरून ते सामाईक घर नाही, असं म्हणता येणार नाही. हे सगळं झालं कागदावर. पण कुलूप कागदानं उघडत नाही. हक्क आहे, हे रोज डोळ्यांना दिसेल असं काय करता येईल? त्यातून ही फळी निघाली.

बायकांसाठी प्रशिक्षण म्हटलं, की शिवणयंत्र आणि पापड. आम्ही ठरवलं, या वेळी रंधा. शेजारचे सुतारमामा शिकवायला तयार झाले. पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘‘आमच्या घरच्या बायकाही पॉलिश पेपर मारतात, पण रंधा कधी हातात घेत नाहीत.’’ आम्ही विचारलं, ‘‘तुम्ही कधी दिलात का?’’ ते जरा थांबले नि हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला बरोबर आणलं.

आता काम. लिहून घ्या, कारण हे तुम्हाला आपापल्या गटात करायचं आहे.

लाकूड नवं घेऊ नका. मोडक्या चौकटीचा सागवानी तुकडा किंवा खोक्याची चांगली फळी चालते. आधी सगळे खिळे उपटा, नाहीतर रंध्याचं पातं जातं. फळी १४ इंच लांब, ५ इंच रुंद, ६ सूत जाड. गुण्या लावून रेघ मारा आणि रेघेच्या बाहेरच्या बाजूनं करवत चालवा. रंधा लाकडाच्या रेषांच्या दिशेनं मारायचा. उलट मारला तर चिपा निघतात.

खुंट्या पाच. पहिली कडेपासून २ इंचांवर, मग दर अडीच इंचांवर एक. हिशेब बरोबर बसतो. खुंटीसाठी ४ सूत जाडीची गोल काठी, अडीच इंचांचे तुकडे. भोकंही ४ सुताचीच आणि अर्धा इंच खोल. आरपार जाऊ नये म्हणून ड्रिलच्या पात्याला अर्ध्या इंचावर चिकटपट्टी गुंडाळा. आणखी एक युक्ती: भोकं पाडताना फळीच्या वरच्या कडेखाली अर्ध्या इंचाची पट्टी सरकवा आणि ड्रिल सरळ उभं धरा. खुंट्या किंचित वर तोंड करून बसतात आणि किल्ल्या घसरत नाहीत. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा, चष्मा लावा. मशीन लाज बघत नाही.

भिंतीवर लावायच्या स्क्रूंसाठी फळीला दोन्ही टोकांकडे एकेक आरपार भोक आधीच पाडा, म्हणजे लाकूड चिरत नाही. मग पॉलिश पेपर: ८० नंबर, १२० आणि शेवटी २२०. खुंट्या फेव्हिकॉलनं बसवून रात्रभर ठेवा. वरून जवसाच्या तेलाचे दोन हात. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. उन्हात पसरून वाळवा.

भिंत विटांची असेल तर ६ मिलिमीटरचं भोक, आत प्लास्टिकची गिट्टी आणि २ इंची स्क्रू. मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही, तिथे फळी लाकडी खांबाला मारा. सरळ आहे का हे बघायला अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी धरली तरी पुरे. उंची कोणाची घ्यायची? घरातल्या सगळ्यात बुटक्या मोठ्या माणसाच्या खांद्याची. ती बहुतेक वेळा बाईच असते. उघड्या दारातून किंवा खिडकीतून फळी दिसणार नाही, अशी जागा निवडा.

आता मोजा. घरात मोठी माणसं किती? तितक्या किल्ल्या, तितक्या खुंट्या. माझ्या घरी मी ही फळी लावली, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, ‘‘चौथी खुंटी कोणाची?’’ म्हटलं, ‘‘माझी. पाचवी वन्संची, माहेरी येतील तेव्हाची.’’ त्या काही बोलल्या नाहीत. आठवड्यानं स्वत: बाजारात जाऊन दोन किल्ल्या करून आणल्या. एक माझ्या हातात दिली, दुसरी पाचव्या खुंटीला अडकवली.

इथे भाषण संपवता आलं असतं. पण आमची चूक सांगायलाच हवी. पहिल्या तुकडीतल्या एका मैत्रिणीनं हौसेनं फळी घरी नेऊन लावली. महिनाभरानं भांडण झालं. नवऱ्यानं खुंट्यांवरच्या सगळ्या किल्ल्या खिशात घातल्या आणि दार बाहेरून लावून निघून गेला. ती आणि दोन मुलं रात्रभर आत. तिची किल्ली कुठे आहे, हे आम्हीच त्याला भिंतीवर टांगून दाखवलं होतं. तिनं आम्हाला बोल लावला नाही, म्हणून आमची जबाबदारी कमी होत नाही.

तेव्हापासून आम्ही फळी देण्याआधी विचारतो, घरात मारहाण होते का? होत असेल तर आधी दुसरी किल्ली करून विश्वासाच्या मैत्रिणीकडे ठेवायची. तिच्याचकडे रेशनकार्ड, आधार, मुलांचे दाखले यांच्या प्रती. संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर पाठ. फळी नंतर, तिला हवी असेल तेव्हा. ती मैत्रीण आता बहिणीकडे राहते, तिचा अर्ज कोर्टात आहे. फळी तिनं आमच्या केंद्राला दिली. ती आमच्या दाराशी आहे आणि त्यावर केंद्राच्या किल्ल्या असतात.

तेव्हा आज इथून जाताना फळी नाही केली तरी चालेल. पण आपापल्या पर्समध्ये हात घालून बघा, घराची किल्ली आहे का. आणि पुढच्या बैठकीत आपल्या गटातल्या प्रत्येकीला तोच प्रश्न विचारा. ‘मला कशाला लागते?’ असं कोणी म्हणालं, तर तिच्या शेजारी बसा. बोलायला सुरुवात तिथूनच करायची आहे.