काकांची बुलेट



मघाशी कार पार्कमधून जी धडधड ऐकू आली, ती आपल्या काकांची बुलेट. काका गेले त्याला चार वर्षं झाली. गेल्या वर्षी काकूंनी गॅरेजची किल्ली आमच्या हातात ठेवली. म्हणाल्या, "चालू करा, नाहीतर भंगारात द्या. नुसती उभी असलेली बघवत नाही."

तशी ती आपल्यासारखीच, दोन्हीकडची. रॉयल एनफील्डचा कारखाना इथे रेडिचला होता. 1955 मध्ये मद्रासला कंपनी निघाली आणि बुलेट तिकडे बनू लागली. रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद झाला, आणि 1977 पासून मद्रासच्या गाड्या उलट्या इंग्लंडात यायला लागल्या! काकांची त्यातलीच एक.

आम्ही पाच जण. दोघे संगणकवाले, एक दाताचे डॉक्टर, बाकीचे हौशी. एकच सिलिंडर, 346 सीसी, त्यात काय एवढं, असं वाटलं होतं. क्रँकच्या टोकाला ऑइल पंप फिरवणारा एक वर्म असतो. तो काही केल्या सुटेना. दोन रविवार जोर लावला. शेवटी साताऱ्याच्या एका मेस्त्रींना फोन लावला, तर ते हसायलाच लागले. "उलटं आटं हायेत सायेब, उजवीकडं फिरवा." म्हणजे दोन रविवार आम्ही तो घट्टच करत होतो.

पुढे सिलिंडर बोअर करून घेतला, ओव्हरसाइज पिस्टन घातला, व्हॉल्व्ह घासून बसवले. आणि मग घाई नडली. आतल्या वाटांमध्ये तेल पोचलंय का हे न बघताच किक मारली. या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला साधा बुश असतो, तो तेलावरच तरंगतो. चार मिनिटांत खडखड सुरू! सगळं इंजिन पुन्हा खोललं. चूक आमचीच, तेव्हा तो खर्चही आमच्याच खिशातून. मंडळाच्या पैशाला हात लावलेला नाही, खजिनदारांना विचारा.

आता देखभालीचं. टॅपेट इंजिन थंड असतानाच बघायचे. पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. गाडी फार दिवस उभी ठेवली तर टाकीतलं तेल झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. म्हणून ती चालवायची.

हे सगळं आज सांगायचं कारण वेगळं आहे. तीन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये पैसे जमवून आपण कोकणातल्या एका ट्रस्टला रुग्णवाहिका दिली. नारळ फोडला, फोटो काढले. ती गेल्या पावसाळ्यापासून उभी आहे. टायर गेलेत, क्लच गेलाय. दुरुस्तीसाठी आपण एक पौंडही ठेवला नव्हता, आणि नंतर कुणी चौकशीही केली नाही. आम्हीही नाही.

आजचे सगळे पैसे त्या गाडीचे टायर, क्लच, तेलपाणी आणि ड्रायव्हरचा पगार यासाठी आहेत. नवीन काही घ्यायचं नाही. बुलेट रॅफलमध्ये ठेवायला काकूंनीच सांगितलंय. तिकीट पाच पौंड.

ज्यांना लागेल त्यांनी ऐका: आधी अँमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळू दाबा, मग डीकॉम्प्रेसर ओढून थोडी पुढे सरकवा, सोडा, आणि मग पूर्ण वजन टाकून किक. आणि तेल बदलायला दरवर्षी आम्हाला बोलवा. चहा काकूंकडे.