अमीन सायानींचं सोपं बोलणं



२० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सायानी मुंबईत वारले. वय ९१. रेडिओ सिलोनवर १९५२ साली सुरू झालेली त्यांची बिनाका गीतमाला दर बुधवारी रात्री लागायची. निवेदन हिंदीत, पण आपल्या खेड्यांतही सहज कळायचं.

हा सोपेपणा आला कुठून? त्यांच्या आई कुलसुम सायानी नवसाक्षरांसाठी 'रहबर' हे नियतकालिक काढीत. लहानपणी अमीनभाई त्यात मदत करीत. नुकतंच वाचू लागलेल्यांसाठी लिहायचं, म्हणजे जड शब्द चालायचे नाहीत!

गाण्यातला शब्द निसटला तर फार बिघडत नाही. फवारणीच्या औषधाचं प्रमाण चुकीचं ऐकलं तर पीक करपतं. म्हणून आम्ही आकडा सावकाश, दोनदा सांगतो. तुम्हीही कागद-पेन्सिल घेऊन बसा.