बाग बिघडली, तर आधी बागेलाच विचारा



कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक आपल्या येडगावात आहे. पाणी आलं, द्राक्ष आलं, टोमॅटो आला. पण पीक बिघडलं की आपण थेट औषधाच्या दुकानात जातो. त्याआधी झाडाकडे बघायला हवं, एवढंच मला सांगायचं आहे.

द्राक्षाचं घ्या. ऑक्टोबरात गोडी बाराची छाटणी होते, डोळे फुटतात, आणि घडाऐवजी नुसत्या बाळ्याच, म्हणजे तणावे, दिसतात. मग दोष त्या महिन्यातल्या हवेला दिला जातो. पण डोळ्यात घड तयार होतो तो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, साधारण 40 ते 60 दिवसांत. तेव्हा नत्र-पाणी जास्त झालं, पानांची गर्दी होऊन काडीला ऊन मिळालं नाही, की डोळा वांझ राहू शकतो. चूक उन्हाळ्यातली, कळते दिवाळीच्या तोंडावर. म्हणून ऑक्टोबरच्या छाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत देऊन डोळे तपासून घ्या.

टोमॅटोचं 2020 साल तर आपण सगळ्यांनीच पाहिलं. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर, अकोले भागात फळ एकसारखं रंगेना. लाल-पिवळे चट्टे पडले. लोकांनी त्याला ‘तिरंगा’ म्हटलं. बियाण्यावर संशय गेला, कोरोनाच्या दिवसांत नाही नाही त्या अफवाही उठल्या. नमुने बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले, तेव्हा त्यांत कुकुंबर मोझॅक आणि इतर विषाणू आढळले. कुकुंबर मोझॅक मावा पसरवतो. माणसाला त्याचा अपाय नाही. विषाणू एकदा झाडात शिरला की कोणतीच फवारणी झाडाला बरं करत नाही. रोपं जाळीत वाढवणं, बांधावरचं तण काढणं, रोगट झाड वेळीच उपटणं, हे सगळं आधी करायचं काम आहे.

तिसरी गोष्ट पिवळ्या पानाची. पान पिवळं दिसलं की पाणी सोडायचं, ही सवय मोडा. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली तर नत्राची कमतरता असू शकते. शेंड्याचं कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमी घडतं. आणि सगळंच झाड मलूल असेल तर बुंध्यापासून थोडं लांब उकरून बघा. मुळी पांढरी असेल तर ती जिवंत आहे. तपकिरी, मऊ, वास मारणारी असेल तर वाफसा नसल्याने ती गुदमरली आहे. त्यात आणखी पाणी सोडणं म्हणजे झाड मारणं.

माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. छाटणी, खत, पाणी, फवारणी यांच्या तारखा वहीत लिहा. वही नसेल तर ऑक्टोबरात एप्रिल आठवत नाही. आणि शिवारफेरी काढाल तेव्हा चांगल्या प्लॉटबरोबर एक बिघडलेला प्लॉटही दाखवा. त्याच्या मालकाला कुणी नावं ठेवू नका. त्याचं नुकसान होऊन गेलेलं आहे. निदान त्यातला धडा तरी सगळ्या गावाला मिळू द्या.