तीन वर्षं सरकलं कोण?

आज तारखांचा हिशोब ऐका. 2023 ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली. मुंबईत भायखळ्याच्या खिलाफत हाऊसचा जुलूस 29 ला ठेवला. 2024 ला ईद 16 ला, विसर्जन 17 ला, जुलूस 18 ला. 2025 ला ईद 5 ला, विसर्जन 6 ला, जुलूस थेट 8 ला!

आपण 'वा, काय एकोपा' म्हणून स्टेटस ठेवला. पण तिन्ही वेळा सरकलं कोण? विसर्जनाची तिथी हलत नाही, मान्य. मशिदीसमोरचा डीजे तर बंद ठेवता येतो ना? नमाजाची वेळ बघून मिरवणूक अर्धा तास मागेपुढे करता येते. हिजरी वर्ष साधारण 11 दिवसांनी लहान, म्हणून आता हे सण लांब जातील, विषयही मागे पडेल. त्याआधीच आपल्या मंडळाच्या मीटिंगमध्ये काढा. आणि वेळ विचारायला मोहल्ल्यात स्वतः जा, मेसेज नका टाकू.