स्थितिकरण



३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा कधीच विसरणार नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. दशलक्षण पर्वाची सांगता झालेली, क्षमावाणीचा दिवस अजून यावयाचा. आणि पहाटे चारला चार मिनिटे असताना धरणी हादरली. किल्लारी-सास्तूर परिसरात होत्याचे नव्हते झाले. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो जीव दगडमातीच्या भिंतींखाली गेले. जिच्यावर पाय रोवून माणूस 'स्थिर' हा शब्द उच्चारतो, ती भूमीच हलली, तर स्थिरता शोधावी कुठे?

जैन आचाराने याचे उत्तर फार साधे ठेवले आहे : दोन घटकांचे, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक. तेवढा वेळ लाभ-हानी, शत्रू-मित्र, सुख-दुःख यांकडे समभावाने पाहावयाचे. पुष्कळांना तो वृद्धांचा विरंगुळा वाटतो. वस्तुतः ती तालीम आहे, आणि तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

त्या तालमीचे फळ याच जिल्ह्याने पाहिले. भूम तालुक्यातील श्री कुंथलगिरी ही उपसर्गातही ध्यानापासून न ढळलेल्या कुलभूषण-देशभूषण मुनींची निर्वाणभूमी. १९५५ साली तेथे चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. दृष्टी मंदावली होती. वाटेवरचा जीव दिसत नसेल तर ईर्यासमिती पाळावी कशी, हा त्यांचा प्रश्न होता. छत्तिसाव्या दिवशी, १८ सप्टेंबरला, समाधी झाली. तत्पूर्वी काही दिवस त्यांनी केलेला मराठी उपदेश ध्वनिमुद्रित आहे.

परंतु प्रत्येक श्रावक आचार्य नसतो. पाय डळमळतातच. शास्त्रकारांनी हे जाणले होते, म्हणूनच सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत सहावे अंग सांगितले ते स्थितिकरण : मार्गावरून ढळणाऱ्यास पुन्हा स्थिर करणे. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त या अंगासाठी वारिषेणाचे उदाहरण दिले आहे. श्रेणिक राजाचा हा पुत्र मुनी झाला. सोबतीचे पुष्पडाल मुनी घराच्या ओढीने अस्वस्थ झाले, तेव्हा वारिषेणांनी त्यांना दूषण दिले नाही; आपल्या राजवाड्यात नेऊन स्वतः सोडलेले वैभव तेवढे दाखविले. पुष्पडाल आपोआप भानावर आले.

भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने त्या भागातील सुमारे १२०० मुले पुण्यास नेऊन त्यांच्या निवासाची व शिक्षणाची व्यवस्था केली. ग्रंथातील सहावे अंग याहून वेगळे नसावे.

ढोकीने भूकंपाहून संथ हादरेही सोसले आहेत. तेरणा कारखान्याची चाके अनेक हंगाम थांबून राहिली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे याच लोहमार्गाने, ढोकी स्थानकावरून पुढे जात होती. अशा वर्षी शेतकरी दुकानाच्या पायरीशी येऊन गप्प उभा राहतो. मागची बाकी फिटलेली नसते आणि बियाणे तर हवे असते. व्यापाऱ्यालाही आपला हिशेब असतो, वरच्या पेढीचे देणे असते; ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आधी उधारीची वही उघडावयाची की पाण्याचा तांब्या पुढे करून मुलांची चौकशी करावयाची, हे त्या क्षणीच ठरते. सकाळच्या दोन घटका कशा गेल्या, तेही तेव्हाच कळते.