एकच वास्तू, दोन साक्षी

अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे. नऊशेहून अधिक पावसाळे झेलून ते उभे आहे. आजच्या व्याख्यानातली वास्तू त्याहून साडेचारशे वर्षांनी धाकटी, पण तिचा मागमूसही उरलेला नाही. ती होती जुन्या गोव्यात, मांडवीच्या काठी: पोर्तुगीज राजाचे इस्पितळ.

पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१०मध्ये गोवा जिंकला आणि लगोलग इस्पितळ उभारले. घाई असणारच. लिस्बनहून निघालेली गलबते सहा-सहा महिन्यांनी पोचत आणि हिरड्या सुजलेले, तापाने फणफणलेले सैनिक धक्क्यावर उतरवत. खुद्द लिस्बनमध्ये १४९२पासून एक भव्य धर्मादाय रुग्णालय बांधले जात होते. त्याचा आराखडा क्रुसाच्या आकाराचा, रुग्णांची दालने त्याच्या भुजांमध्ये. नमुना फ्लॉरेन्स आणि सिएनाचा. अशा इस्पितळांत रुग्णाला पडल्यापडल्या वेदी दिसावी, हा हेतू असे. औषधाइतकीच आत्म्याची काळजी महत्त्वाची! १४९८मध्ये लिस्बनला ‘मिझेरिकॉर्दिया’ हा धर्मादाय संघ निघाला. त्याची शाखा गोव्यातही आली आणि इस्पितळाचा कारभार काही काळ तिच्याकडे होता.

इमारत आतून कशी होती, हे फ्रान्स्वा पिरार सांगतो. मालदीवजवळ १६०२मध्ये जहाज फुटून कैदेत पडलेला हा फ्रेंच खलाशी १६०८मध्ये आजारी अवस्थेत गोव्याला पोचला. तोवर कारभार जेझुइटांच्या हाती गेला होता. लाल रोगण दिलेल्या खाटा, कापसाच्या उशा, रेशमी पांघरुणे, चिनी मातीची ताटे, जेवणात कोंबडी! रात्री दिवे जळत ते शिंपल्यांची तावदाने लावलेल्या कंदिलांत. बरे होऊ लागलेल्यांना फिरायला बागा होत्या. असे इस्पितळ जगात दुसरे नसेल, असे त्याचे मत झाले.

पुढे १६४०च्या दशकात ताव्हेर्निये हा फ्रेंच प्रवासी गोव्यात आला. त्याच इस्पितळाबद्दल त्याचे म्हणणे अगदी उलटे: पूर्वी नाव होते, व्यवस्थापन बदलले आणि आत गेलेला गोरा माणूस जिवंत बाहेर पडणे कठीण झाले. वारंवार रक्त काढायचे आणि अंगावर पुन्हा रंग चढावा म्हणून गोमूत्र पाजायचे! पिराराने वाखाणलेली व्यवस्था दगडाच्या नव्हे, पैशाच्या आणि देखरेखीच्या बळावर उभी होती.

शिवाय ही सोय मुख्यतः पोर्तुगीज सैनिकांसाठी. स्थानिक ख्रिस्ती गरिबांसाठी वेगळे इस्पितळ होते. गंमत अशी, की धर्मसभा ख्रिस्ती रुग्णांना हिंदू वैद्यांकडे जायला मनाई करत असताना बडे पोर्तुगीज अधिकारी मात्र त्याच वैद्यांना बोलावत.

मग साथींनी शहर पोखरले. वस्ती पणजीकडे सरकली, पडक्या इमारतींचे चिरेही तिकडे गेले. जांभ्याला चुन्याच्या गिलाव्याचे कवच लागते. देखभाल थांबली की पाऊस आपले काम करतो. इस्पितळाची परंपरा पणजीत आली आणि १८४२मध्ये तिथे वैद्यकीय शाळा सुरू झाली. तिचेच पुढे गोवा मेडिकल कॉलेज झाले. ते आता बांबोळीला आहे आणि पणजीतल्या त्याच्या जुन्या आवारात २००४पासून ‘इफ्फी’ हा चित्रपट महोत्सव भरतो.